ठरावाआधी आणि ठरावानंतर: सीमाभागातील नगरसभा, पट्टण पंचायत व ग्रामपंचायतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे गाव नेमके कोणत्या कारभारात येते?

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिना वाया जातो, म्हणून आधी एवढे पक्के करून घ्या. साधारणपणे १० ते २० हजार लोकसंख्येच्या गावाला पट्टण पंचायत, २० ते ५० हजारांच्या गावाला पुरसभा, ५० हजारांच्या वर नगरसभा आणि ३ लाखांच्या वर महानगरपालिका असते. खानापूरला पट्टण पंचायत आहे, चिकोडी आणि संकेश्वरला पुरसभा, निपाणी आणि गोकाकला नगरसभा, बेळगावला महानगरपालिका. बोलताना आपण सगळ्यांनाच नगरपालिका म्हणतो. अर्जावर मात्र कार्यालयाच्या पाटीवर असलेले नावच घाला.

पहिल्या तिन्हींना कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ लागू होतो, महानगरपालिकेला १९७६ चा वेगळा कायदा आहे आणि ग्रामपंचायतींना १९९३ चा ग्रामस्वराज व पंचायत राज कायदा. बेळगावच्या कॅम्प भागाचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. तिथल्या तक्रारी महानगरपालिकेत देऊन उपयोग नाही.

निर्णय कोण घेतो, मेंबर की अधिकारी?

ठराव सभागृह करते, अंमलबजावणी अधिकारी करतात. पट्टण पंचायत आणि पुरसभेत हा अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी, नगरसभेत पौरायुक्त, ग्रामपंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). लोक नगरसेवकाच्या घरी जाऊन तोंडी सांगतात आणि काम झाले असे समजतात. तोंडी सांगण्याची कुठे नोंद होत नाही. नगरसेवकाला जरूर भेटा, त्याच दिवशी कार्यालयात लेखी अर्जही द्या.

सभागृहाची मुदत संपून निवडणूक झालेली नसेल तर प्रशासक असतो आणि ठरावाचे अधिकार त्याच्याकडे जातात. तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढे निवडणुका लांबत गेल्या. हे लोकशाहीला शोभणारे नाही, पण प्रशासकाच्या काळातही अर्ज, हरकत आणि माहितीचा अधिकार हे तिन्ही मार्ग तसेच चालू राहतात.

सर्वसाधारण सभेला आम्हाला बसता येते का?

येते. विशिष्ट विषयासाठी बंद सभा घ्यायचे ठरलेले नसेल तर नगरपालिकेची सभा नागरिकांसाठी खुली असते. बसून ऐकता येते, टिपणे घेता येतात. चर्चेत बोलण्याचा हक्क मात्र सदस्यांचाच. आपला मुद्दा सभागृहात यावा असे वाटत असेल तर तो आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे लेखी द्या आणि प्रत अध्यक्षांना द्या.

नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते आणि ती सूचनाफलकावर लागते. फलकाचा मोबाईलवर फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकायची जबाबदारी एकाने घेतली तर सगळ्या गल्लीला वेळेत कळते. विषयपत्रिकेत शेवटचा विषय बहुधा ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’ असा असतो. वादाचे विषय पुष्कळदा याच वाटेने येतात, त्यामुळे सभेच्या आदल्या दिवशी नगरसेवकाला विचारून घ्यावे.

अर्थसंकल्पात आपले काम घालायचे असेल तर कधी जायचे?

डिसेंबर ते फेब्रुवारी. २००६ च्या लेखा व अंदाजपत्रक नियमांप्रमाणे अर्थसंकल्पाआधी नागरिकांशी सल्लामसलत करायची असते. या बैठकीला फार थोडे लोक येतात, म्हणून आलेल्यांचे म्हणणे नोंदले जाण्याची शक्यता चांगली असते. ‘आमच्या भागाचा विकास करा’ असे लिहू नका. ‘मारुती मंदिर ते शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १८० मीटर गटार, दोन ठिकाणी मोरी’ असे लिहा. लांबी-रुंदी दिली की अभियंत्याला अंदाजपत्रक करता येते.

निधीचे काही भाग आधीच ठरलेले असतात. नागरी संस्थांच्या निधीतून २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर गरीब घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. तुमच्या भागातले काम यात बसत असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा. हा पैसा वर्षअखेर खर्च न होता पडून राहिल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि ज्यांच्यासाठी तो ठेवला त्यांना त्याची खबरही नसते.

हरकतीचा अर्ज कसा लिहावा?

एका पानात, एकाच विषयावर. वर तारीख, अधिकाऱ्याचे पद आणि विषय. पहिल्या परिच्छेदात ठराव क्रमांक, सभेची तारीख किंवा जाहीर नोटिशीची तारीख. दुसऱ्यात नुकसान काय आणि कोणाचे, म्हणजे घर क्रमांक, सर्व्हे क्रमांक, मोजमाप. तिसऱ्यात नेमकी मागणी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही मागणी नव्हे. त्यावर ‘कार्यवाही केली आहे’ असे उत्तर येते आणि फाइल बंद होते. ‘गटाराची पातळी रस्त्याच्या कडेपेक्षा खाली ठेवूनच काम सुरू करावे आणि तोपर्यंत बिल काढू नये’ ही मागणी झाली.

दोन प्रती काढा. एक टपाल विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तिथे वाद न घालता रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नोटिशीत हरकतीची जी मुदत दिली असेल तिच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण त्या दिवशी टपाल घेणारा कर्मचारी रजेवर असला तरी मुदत काही वाढत नाही.

सह्या किती हव्यात? पाच-दहा पुरेत, पण प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक आणि फोन असावा. नुसत्या दोनशे सह्यांपेक्षा जोडलेले चार फोटो आणि एक हातनकाशा अधिक कामी येतो.

मराठीत अर्ज चालतो का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

तक्रार किंवा गाऱ्हाणे असेल तर राज्यघटनेचे कलम ३५० पाहा. देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. मराठी अर्ज केवळ भाषेमुळे नाकारला तर अर्जाखाली या कलमाचा एका ओळीत उल्लेख करून तो पुन्हा द्या आणि पोच मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा. २००५ च्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे शब्द आहेत. कर्नाटकात राजभाषा कन्नड असल्याने मराठी अर्ज परत येऊ शकतो. ज्यांना कन्नड लिहिता येत नाही त्यांनी हिंदीत लिहावे, तो नाकारता येत नाही. ज्येष्ठ मंडळींनाही हे सहज जमते.

भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे सर्व राज्यांनी मान्य केलेले धोरण आहे. कलम ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा स्वतंत्र आयुक्त असतो आणि त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते. घरफाळ्याची नोटीस, भूसंपादनाची सूचना, पाण्याच्या वेळा मराठीत मिळाव्यात ही मागणी न्याय्य आहे आणि ती सोडू नये. मात्र मराठी प्रत मिळेपर्यंत हरकतीची मुदत थांबत नाही. कन्नड नोटीस आली की वाचून घ्या, मुदतीत हरकत द्या आणि मराठी प्रतीची मागणी त्याच अर्जात करा.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्नही सारखा येतो. २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक पाटीवर ६० टक्के भाग कन्नड हवा आणि कन्नड मजकूर वरच्या बाजूला हवा. उरलेल्या जागेत मराठी लिहायला मनाई नाही.

गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणार आहे. काय तपासायचे?

सगळ्यात आधी पातळी. जुना रस्ता न उकरता त्यावर सहा इंच काँक्रीट घातले की रस्ता उंबऱ्याला येतो आणि जूनमध्ये पाणी घरात शिरते. खानापूरकडच्या पावसात तर हे पहिल्याच झडीत दिसते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या जोत्यापासून सध्याच्या रस्त्याची खोली टेपने मोजा, भिंतीवर खूण करा, फोटो काढा. अंदाजपत्रकात जुना थर उकरण्याची बाब आहे का ते पाहा. नसेल तर हरकत तेव्हाच द्यायची. काँक्रीट सुकल्यावर रस्ता फोडून खाली घ्यायला कोणी तयार होत नाही.

दुसरी गोष्ट कामांचा क्रम. आधी ड्रेनेज, मग पाण्याची पाइप, मग केबलसाठी आडव्या नळ्या आणि शेवटी रस्ता. नव्या जलवाहिनीचे काम मंजूर असताना रस्ता आधी झाला तर वर्षभरात तो मधोमध कापला जातो आणि तो चर पुन्हा नीट भरला जात नाही. पाणीपुरवठा विभागाकडून या गल्लीत काही काम प्रलंबित नाही असे लेखी घेतल्याशिवाय कार्यादेश देऊ नये, अशी मागणी करा.

प्रत्यक्ष कामावर पाहायच्या गोष्टी अशा. काँक्रीटची जाडी आणि ग्रेड (एम-२० की एम-२५) अंदाजपत्रकात लिहिलेले असते. साच्याच्या लोखंडी पट्टीची उंची मोजली की जाडी कळते, पण मध्यभागी तळ फुगलेला नाही ना हेही पाहा, कारण चोरी मध्यभागी होते. मिक्सरमध्ये पाणी वाढवले की काँक्रीट सहज पसरते आणि मजूर खूश होतात, मात्र वरचा थर दोन पावसांत निघतो. साधारण चार-साडेचार मीटरवर आडवे सांधे हवेत आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत कापायला हवेत. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच वाकडेतिकडे तडकते. सुमारे १४ दिवस पाणी मारायला हवे, गोणपाट घालून किंवा बांध घालून. पूर्ण ताकद येण्यासाठी २८ दिवस धरतात. तोवर वाळूचा टिप्पर आत सोडू नये, मग तो शेजाऱ्याच्या घरबांधणीचा का असेना.

गटाराला उतार दिला आहे का, हे कळायला एक बादली पाणी पुरते. ठेकेदार हजर असताना वरच्या टोकाला ओता.

या कामाची कागदपत्रे कशी मागायची?

माहिती अधिकारात. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, कार्डाची प्रत जोडावी. कर्नाटकात एक अडचण आहे: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, असा राज्याचा नियम आहे. रस्ता, पथदीप आणि कचरा एका अर्जात घातले तर तो परत येतो.

रस्त्यासाठी हे मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणवत्ता चाचणीचा अहवाल, बिलाची प्रत आणि दोषदायित्वाचा कालावधी. यातले शेवटचे लोक विसरतात. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तारीख माहीत नसल्याने नगरपालिका पुन्हा नवीन टेंडर काढते. साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क या कायद्यात आहे.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे आणि पुढे ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचे खंडपीठ बेळगावात आहे. ‘का केले’, ‘कोणाच्या चुकीने’ असे प्रश्न विचारू नयेत. कायदा असलेला कागद देतो, खुलासा देत नाही.

घरफाळा कधी भरावा?

एप्रिलमध्ये. नागरी संस्थांत ५ टक्के सूट मिळते. मे-जूनमध्ये सूटही नाही आणि दंडही नाही. जुलैपासून दरमहा २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. आकारणी स्वतः करायची असल्याने बांधकामाचे क्षेत्र आणि वापर नीट लिहा. तळमजल्यावर दुकान आणि वर घर असेल तर दोन्हींचे क्षेत्र वेगळे दाखवा, नाहीतर सगळ्यावर व्यापारी दर बसण्याची शक्यता असते.

ई-खाता (मिळकतीची नगरपालिकेकडची संगणकीकृत नोंद) अडकला आहे. कारण काय असेल?

बहुतेक वेळा नाव. खरेदीपत्र मराठीत, आधार इंग्रजीत, नोंद कन्नडमध्ये. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी नुसती आद्याक्षरे, तिसऱ्या ठिकाणी वडिलांचे नाव गळलेले. नोंद करताना पडद्यावरचे कन्नड नाव कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून अक्षरन् अक्षर तपासून घ्या आणि मगच संमती द्या.

दुसरे कारण वारसा. आजोबांच्या नावावर घर आणि फाळा नातू भरतो. फाळ्याच्या पावत्या मालकी सिद्ध करत नाहीत, आधी वारस नोंद लागते. तिसरे कारण मोजमाप. खरेदीपत्रात गुंठा लिहिलेला असतो आणि जागेवर फूट भरतात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. तफावत असेल तर भूमापन खात्याकडून मोजणी करून घ्यावी लागते.

सिटी सर्व्हेचे मालमत्तापत्रक आणि नगरपालिकेचा खाता हे दोन वेगळ्या खात्यांचे कागद आहेत, एकात बदल झाला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. खरेदीपत्र, अलीकडचा ईसी (बोजा) उतारा, चालू वर्षाची फाळा पावती, वीजबिल, आधार आणि मिळकतीचा फोटो एवढे घेऊन जा. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (तिथल्या मिळकतींच्या संगणकीकृत नोंदीचा) नमुना ९ आणि ११ पाहावा. ११-अ आणि ११-ब यांत मोठा फरक आहे: ‘अ’ नियमित मिळकतींसाठी, ‘ब’ मंजुरी नसलेल्या मिळकतींसाठी. गुंठेवारीचे बहुतेक प्लॉट ‘ब’ मध्ये असतात. शहरात बी-खाता (अशाच मिळकतींची नोंद) मिळाला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असे नव्हे. प्लॉट घेताना दलाल हे सांगत नाहीत, म्हणून सहीआधी विचारा.

दाखला वेळेत मिळाला नाही तर?

सकाला योजनेत (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची राज्याची योजना) येणारी सेवा असेल तर अर्ज करताना १५ अंकी क्रमांक घ्यायला विसरू नका. उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातून जाते. क्रमांकच नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही.

बाजाराची जागा हलवायचा ठराव झाला. भाजीवाल्यांनी काय करावे?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नंतरही स्थलांतरासाठी ३० दिवसांची नोटीस लागते. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. समितीपुढे विषय न येता ठराव झाला असेल तर त्या ठरावाची बाजू लंगडी आहे. माल जप्त केला तर यादी घेतल्याशिवाय हात सोडू नका. भाजीपाल्यासारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा असतो, इतर माल दोन कामाच्या दिवसांत.

आठवडी बाजाराला खेड्यांतून येणाऱ्या बायका या सर्वेक्षणात सुटतात, कारण सर्वेक्षण बाजाराच्या दिवशी होत नाही. ते बाजाराच्या वारीच व्हावे, हे आधी लेखी मागा.

ग्रामसभा कागदावरच झाली. आता?

ग्रामसभा आणि वॉर्डसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी. ग्रामसभेला मतदारांच्या एक दशांश किंवा १०० यांपैकी कमी संख्या गणसंख्येला लागते, वॉर्डसभेला एक दशांश किंवा २० यांपैकी कमी. हजेरीपटाची आणि इतिवृत्ताची प्रत मागा. सह्या जुळत नसतील, मयत किंवा मुंबई-पुण्याला असलेल्यांच्या सह्या असतील, तर तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याकडे नावांसह तक्रार करा. घरकुलाचे लाभार्थी याच सभांतून ठरतात, म्हणून खोट्या सभेने थेट गरिबाचे घर जाते.

यात्रा आणि गणेशोत्सवाच्या परवानग्या?

मंडप रस्त्यावर असेल तर नगरपालिका, पोलीस आणि विजेसाठी हेस्कॉम, अशा तीन ठिकाणी. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवून नकाशा जोडा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. यात्रेच्या जागांचा लिलाव जाहीर व्हावा आणि रक्कम पावतीनेच घ्यावी. पाण्याचे टँकर, फिरती शौचालये आणि दुसऱ्या दिवशीची सफाई यांचा खर्च त्याच ठरावात लिहून घेतला नाही तर यात्रेनंतर आठवडाभर गाव घाणीत राहते.

ठराव बेकायदा वाटतो. कुठे दाद मागायची?

नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ठरावाची प्रमाणित प्रत, तुम्ही दिलेल्या हरकतीची पोच आणि कोणता नियम मोडला ते जोडून अर्ज करा. ‘अन्याय झाला’ एवढ्यावर स्थगिती मिळत नाही. नोटीस न देता विषय घेतला, विक्रेता समितीला डावलले, राखीव निधी वळवला, असे ठोस कारण हवे. पैशांचा गैरव्यवहार असेल तर लोकायुक्तांकडे विहित नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते.

रोजच्या तक्रारी?

वीज १९१२. सरकारी खात्यांविषयी इतर तक्रारींसाठी जनस्पंदन १९०२. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि पाणी, दिवे, कचरा यांची तक्रार नगरपालिकेच्या नोंदवहीतही करा. पुढच्या अर्जात त्याच नोंदीची तारीख घालायची असते.